तांबडा डावा, पांढरा उजवा

वर्गात मला कुणी प्रश्न विचारत नाही. तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेय, त्याला आता बरीच वर्षं झाली. निम्मी मुलं पोलीस भरतीच्या तयारीतली, पहाटे मैदानावर धावून आलेली, माझ्या तासाला बसल्या जागी डुलक्या खातात. मी चिडकी बाई आहे. ओरडते, खडू फेकून मारते, बाहेर काढते. तरी ढिम्म. म्हणून त्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या मुलानं हात वर केला, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

धडा गरीब देशांतल्या यादवी युद्धांचा होता. एकाच देशातली, एकाच बाजाराला जाणारी माणसं एकमेकांवर का उठतात, आणि लढून थकल्यावरसुद्धा तो देश वर का येत नाही. मी रंगात आले होते. युद्ध म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं बंदूक येते, म्हटलं, पण बंदूक येते सगळ्यात शेवटी. आधी माणसांचं देणंघेणं तुटतं. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. एक, दुकान. दोन, मजुरी. तीन, गाडी. चार, बोलणं. मग पाच आकडा टाकून बंदूक लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"मॅडम, एकापासून चारापर्यंत यायला किती दिवस लागतात?" त्यानं विचारलं.

"दिवस कसले मोजतोस? पोरांच्या हाताला काम नाही आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल, असं गाव असेल तर आठवडा पुरे," मी म्हटलं. वर्ग हसला, मीही हसले. मग त्याच भरात पुढचं सांगितलं, की दोन्ही बाजूंकडे जाणारा एखादा मधला माणूस असतो, तो जाग्यावर असेपर्यंत काही तुटत नाही, म्हणून लढणारे आधी त्याला एका बाजूला उभं करतात. मुलगा मान खाली घालून भराभरा लिहून घेत होता. स्टाफरूममध्ये येऊन मी सगळ्यांना ऐकवलं, एक तरी पोरगं माझं ऐकतंय बरं का.

तो मुलगा माझ्याच गावचा. त्याच्या वडिलांना मी काका म्हणते.

गाव बालाघाटाच्या कडेला, धारूरकडच्या अंगाला. जमिनी पायऱ्यापायऱ्यांच्या आणि खडकाळ. नांगरटीला ट्रॅक्टर येतो, पण एकदा सोयाबीन उगवून वर आलं की त्याला वावरात घेता येत नाही. तासातलं, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं गवत काढायला बैलांचं कोळपंच लागतं, आणि बैलजोडी दावणीला बांधून खायला घालणं आता कुणाला झेपत नाही. म्हणून आमच्याकडे सावड चालते. एका घरी एक बैल, दुसऱ्या घरी एक. दोघं मिळून जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं.

काकांचा बैल तांबडा. त्यांचा सावडकरी खालच्या आळीचा, मी त्यांना मामा म्हणते, आणि त्यांचा बैल पांढरा. काका वरच्या आळीचे. या दोन आळ्या म्हणजे कोणत्या जाती, ते मी लिहिणार नाही. बीडच्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला कळून काही उपयोग नाही. आमचं घर बौद्ध, दोन्ही आळ्यांच्या बाहेरचं. माझ्या वडिलांनी नोकरीत असताना काका-मामांच्या बांधाला लागून दोन एकर घेतलं होतं. ते गेल्यावर जमीन माझ्याकडं आली. मला काही बैलाचं कळत नाही. दोघांनी परस्पर ठरवून टाकलं, की बाईचं वावर आपणच वाहायचं, आणि बाईनं भुसकट द्यायचं. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या दोघांची भांडणं ऐकायला मला लई आवडायचं. "सरळ धर की बे, डोळे फुटले का तुझे?" असं एकानं म्हणायचं, आणि दुसऱ्यानं "तुझा तांबडाच आळशी हाय, मालकावर गेलाय" म्हणायचं. पोळ्याला तांबड्याला मामांच्या घरची पुरणपोळी, पांढऱ्याला काकांच्या घरची. तांबडा जुवाला कायम डाव्या अंगाला, पांढरा उजव्या. लहान असल्यापासून त्यांना तसंच शिकवलेलं. मी एकदा विचारलं होतं, अदलाबदल केली तर? तर काका हसले, मी वर्गात एखाद्या ठोंब्याला हसते तसे. "ताई, बैल हाय ती, खुर्च्या न्हाईत," म्हणाले.

त्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी कसलीशी मिरवणूक निघाली. एक फलक फाटला. कुणी फाडला की वाऱ्यानं फाटला, कुणालाच माहीत नाही. दुपारी दगडफेक झाली, संध्याकाळपर्यंत दोन गाड्या जळल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या गावात वरच्या आळीनं देवळात बैठक घेतली, आणि सगळ्या घरच्या कर्त्या माणसांनी बेलभंडारा उचलला. म्हणजे बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शपथ. आमच्याकडे कोर्टात माणूस खोटं बोलेल, पण उचललेला बेल मोडत नाही. लगेच शपथेची कलमं मोबाईलवर फिरली. मी गावच्या ग्रुपवर आहे, माझ्याकडेही आली.

एक, त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. दोन, त्यांच्या वावरात मजुरीला जायचं नाही आणि त्यांना आपल्यात बोलवायचं नाही. तीन, त्यांच्या गाडीत बसायचं नाही. चार, त्यांच्याशी बोलायचं नाही.

ओट्यावर उभ्या उभ्या मी यादी परत वरून खाली वाचली. माझा फळा! माझाच क्रम, माझेच आकडे. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीनं आपल्या देवळात बेल उचलला, आणि त्यांचीही यादी आली. तीच यादी. भांडायलासुद्धा त्यांनी वरच्या आळीचंच लिखाण उचललं होतं, फक्त आळीचं नाव बदललेलं.

संध्याकाळी तो मुलगा माझ्या दारावरून चालला होता. मी हाक मारून आत घेतला. म्हटलं, हे तू लिहिलंस?

"व्हय मॅडम." आणि हसला! लाजून हसला, वर्गात पहिला नंबर आलेलं पोर हसतं तसा. "तुमीच शिकवलं की. मी आपलं गावाला लावून बघितलं. प्रॅक्टिकल."

"अरे, मी ते होऊ नये म्हणून शिकवलं!"

"तसं कुटं म्हणलतात तुमी?" तो म्हणाला. खरोखर आठवून बघत होता बिचारा. "तुमी क्रम सांगितला. आमची लोकं नुसती चिडलीती, काय करावं कळंना. मी क्रम सांगितला."

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं मी तसं. तास संपल्याची घंटा झाली होती, आणि मी खडू झटकत बाहेर पडले होते.

"पाचवं का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"त्याची येळ न्हाई आली अजून," तो म्हणाला. सहज म्हणाला, पाऊस यायला अवकाश आहे म्हणतात तसं.

पुढचा आठवडा मी सांगितल्याबरहुकूम गेला. खतं-औषधांचं दुकान खालच्या आळीचं, ते ओस पडलं. खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या टोळ्या मोडल्या. वरच्या आळीच्या बायका खालच्यांच्या वावरात जाईनात आणि खालच्या आळीच्या वरच्यांच्या. मला मात्र दोन्हीकडची दुकानं मोकळी होती. वाणी म्हणाला, "तुमचं काय मॅडम, तुमी कुटूनबी घ्या." साखर पिशवीत घालताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

आणि पावसानं उघडीप दिली. कोळपणीचे दिवस हेच, आठ-दहा. त्यात कोळपं फिरलं नाही तर गवत सोयाबीनच्या वर जातं, मग वर्षाचं पीक गेलंच म्हणायचं. तणनाशक मारायचे दिवस केव्हाच उलटले होते. काका बांधावर बसलेले दिसले. इकडं तांबडा दावणीला उभा, पलीकडं पांढरा. दोन बैल होते, गवत होतं, ऊन पडलेलं होतं, आणि कोळपं उपडं पडलं होतं.

"काका, वीस वर्षांची सावड मोडायची का?" मी म्हटलं.

"आमी बेल उचलला, ताई."

"कावून उचलला?"

"सगळ्यांनी उचलला," ते म्हणाले. "पोरानंच मांडलंतं समदं. त्याच्या बापानं मागं राहायचं का?"

त्या रात्री डोकं चालवून मी एक तोड काढली. हुशार ना मी, अर्थशास्त्राची! माझं वावर कुठल्याच आळीचं नाही. काकांनी तांबडा माझ्या वावरात आणून बांधायचा आणि जायचं. मामांनी पांढरा आणून बांधायचा आणि जायचं. जोडी हाकायला मी तालुक्याहून तिसराच गडी आणते. आधी माझं कोळपून होईल, तेवढ्यानं लोकांच्या डोळ्यांना जोडीची परत सवय होईल, मग पुढचं पुढं बघू. काका हो म्हणाले. मामांचा तर चेहराच उजळला. सकाळी मी गड्याला फोन करणार, तेवढ्यात मुलगा दारात.

"मॅडम, तसं करू नका," तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नाही, उलट काळजी. "मधल्या माणसाला आधी एका बाजूला उभं करावं लागतं. तुमीच सांगितलं. आपली पोरं मला इचारायलीत, मॅडम कुणाच्या म्हणून. मी म्हणलं, आपल्या. मला खोटं पाडू नका."

धमकी होती का ती? मला आजही ठरवता येत नाही. तो पाया पडून गेला, एवढं आठवतं. मी तोंड टाकायला हवं होतं. वर्गात शेंगा खाणाऱ्या पोरावर मी तोंड टाकते! पण माझ्या डोळ्यांसमोर तालुक्यातल्या त्या दोन जळक्या गाड्या आल्या, माझं घर आलं, घरात एकटी मी आले. मी फोन केला नाही. काकांना सांगितलं, गडी मिळाला नाही. वीस वर्षं ज्यांनी माझं वावर वाहिलं त्यांच्या तोंडावर मी खोटं बोलले, आणि ते म्हणाले, "असू द्या ताई, तुमी तरी किती करचाल."

मुलानं मग स्वतःच तोड काढली. धारूरकडच्या एका पाहुण्याचा बैल मागून आणला. आपल्या माणसांत बैल कमी हायत का, म्हणाला. बैल दांडगा होता, देखणा होता, आणि डाव्या अंगाचा होता. काकांनी त्याला बघितल्या बघितल्या सांगितलं, ह्यो उजवीकडं चालायचा न्हाई. पण पाहुण्याचा बैल, आळीचा मान, पोराचा शब्द. ह्या सगळ्यापुढं काका काय बोलणार?

त्या सकाळी मी माझ्या वावरात हातानं गवत उपटत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. मामा आपल्या बांधावर उभे होते, पांढरा त्यांच्या मागं खुंटीला. काकांनी तांबड्याला डावीकडं जुंपलं, नव्याला उजवीकडं. पाच-सहा पावलं बरी गेली. मग नवा बैल आपली रोजची बाजू शोधत डावीकडं घुसला, तांबड्याला ढुशी मारली, तांबडा बिथरला आणि दोघं गर्रकन मागं फिरले. कासरा काकांच्या कमरेला गुंडाळला गेला. ते पडले. त्यांना घेऊनच बैल धावले, आणि कोळप्याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, त्यांच्या टाचेवरून गेलं.

तो आवाज मी विसरणार नाही. मी किंचाळले, "मामा! मामा, धावा!"

मामा वीस पावलांवर होते. एक पाऊल त्यांनी टाकलं, मी शपथेवर सांगते, एक पाऊल टाकलं. मग थांबले. डोकं धरून बांधावरच खाली बसले. पांढऱ्यानं मात्र हिसका देऊन खुंटी उपटली, बांध ओलांडून आला आणि तांबड्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. नवा बैल जुवातून निसटून कुठल्या कुठं पळाला होता. तांबडा थरथरायचा थांबला. मी ओढणीनं काकांची टाच बांधत होते, ती ओढणी भिजून जड होत होती, आणि मी मामांकडं बघून तोंडाला येईल ते बोलत होते. ते ऐकून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पाणंदीला जीप उभी होती, खालच्या आळीची. ती कलम तीनमध्ये गेली. मुलगा मोटारसायकल घेऊन आला. पुढं तो, मध्ये काका, मागं त्यांना धरून मी, आणि काकांचा पाय खड्ड्याखड्ड्याला लोंबकळत असा आमचा प्रवास तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत. रस्त्यात काका एकदाच बोलले.

"त्यो आलता का?"

"नाही," मी म्हटलं. "बैल आला होता."

डॉक्टरांनी पाय वाचवला. पण टाचेमागची शीर तुटली होती. काठी घेऊन चालतील, म्हणाले, पण ढेकळांतून बैलांमागं चालणं विसरा. मुलगा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना, आणि माझा संताप असा उसळला की वाटलं द्यावी ह्याच्या एक कानाखाली. हात उचललासुद्धा. मग आठवलं, गडी मिळाला नाही असं कुणी सांगितलं होतं ते. तसाच खाली घेतला.

तिन्ही वावरांत गवत सोयाबीनच्या वर गेलं. दिवाळीच्या आधी काकांनी तांबडा विकायला काढला. मला बोलावून म्हणाले, "ताई, तुमी जावा पोरासंगं बाजारात. तांबडा जाताना वळून बघंल, पोराला एकट्याला बघवणार न्हाई."

आठवड्याच्या बाजारात एका परजिल्ह्याच्या व्यापाऱ्यानं तांबड्याचे दात बघितले, चालवून बघितला, आणि विचारलं, "डावा का उजवा?"

"डावा," मुलगा म्हणाला.

"जोड कुटंय? एकटा घिऊन काय करू मी?"

मुलाची नजर गेली तिकडं मी बघितलं. पलीकडच्या रांगेत मामा उभे होते, पांढऱ्याला घेऊन. त्यांना तरी जोडीवाचून बैल कशाला? व्यापारी हुशार. त्यानं हेही बघितलं. पंधरा मिनिटांत दोन्ही बैल त्याचे झाले. आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत, ते मालक घरी घेऊन येतो. मुलानं दावं सोडून घेतलं, तिकडं मामांनी घेतलं. व्यापाऱ्यानं आपल्या दोऱ्या बांधल्या. दोन्ही बैल टेम्पोकडं निघाले, तांबडा डावीकडं, पांढरा उजवीकडं, कुणी न सांगता. तांबड्यानं वळून बघितलंच नाही. आता जोड होती ना त्याला.

मुलगा ढसाढसा रडला. भर बाजारात, म्हशींच्या रांगेत. मी त्याला रडू दिलं, आणि खरं सांगायचं तर मीही रडले.

परतताना फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत जावं लागतं. मामा त्याच एसटीतून उतरले होते. ते पुढं, आम्ही दहा पावलं मागं. मामांच्या आणि मुलाच्या खांद्यावर एकेक रिकामं दावं. अर्ध्या वाटेवर मामांची चाल मंद झाली. आम्ही बरोबरीला आलो. समोर बघतच ते म्हणाले, "पाय कसा हाय त्याचा?"

त्यांनी बेल मोडला होता. सगळ्यांदेखत नाही, पण मोडला होता. मी मुलाकडं बघितलं. त्याचे ओठ हलत होते. त्यानं दावं घट्ट धरलं, मागं गावातलं कुणी येतंय का ते वळून बघितलं, आणि माझ्याकडं झुकून, वर्गात विचारतात तशा आवाजात, विचारलं,

"बोलू का, मॅडम?"

"बोल की रे, मेल्या!" मी ओरडले. पण तोवर मामा पुढं निघून गेले होते.